रस्ता सर्वांचा, कर कोणाचा?

महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प मार्च २०२५ मध्ये सादर करताना तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी तीस लाख रुपयांहून अधिक किमतीच्या विजेवर चालणाऱ्या वाहनांवर सहा टक्के मोटार वाहन कर प्रस्तावित केला होता. अर्थसंकल्पी अधिवेशन संपण्यापूर्वीच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत तो मागे घेतल्याची घोषणा केली. या करातून फारसे उत्पन्न मिळणार नाही आणि विजेवरील वाहनांबाबत सरकारच्या बांधिलकीविषयी चुकीचा संदेश जाईल, असे कारण देण्यात आले. त्यानंतर एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने नवे ई-वाहन धोरण मंजूर केले. मार्च २०३० पर्यंतच्या या धोरणात मोटार वाहन करमाफी कायम राहिलीच. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना पूर्ण टोलमाफीही देण्यात आली.

सरकारने माघार घेतल्यामुळे वाद मिटला, प्रश्न मात्र मिटला नाही. सहा टक्के कर असावा की नसावा, हा त्यातला लहान भाग आहे. वाहनावरील कर नेमका कशासाठी घेतला जातो, रस्ता वापरण्याचा मोबदला म्हणून की कोणते वाहन विकत घ्यावे याबाबत ग्राहकाला वळण लावण्यासाठी, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे ही दोन्ही कामे एकाच कराच्या गळ्यात बांधली गेली आहेत. पेट्रोल आणि डिझेल हीच दोन इंधने रस्त्यावर होती, तोवर या सरमिसळीने फारसे काही बिघडत नव्हते. विजेच्या आणि हायब्रिड मोटारी आल्यापासून मात्र या दोन उद्दिष्टांची दिशा एकमेकांविरुद्ध जाऊ लागली आहे.

महाराष्ट्रातील दर पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. व्यक्तीच्या नावावर नोंदलेल्या पेट्रोल मोटारीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असा एकरकमी कर लागतो. डिझेलसाठी हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. नैसर्गिक वायूवर म्हणजे सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींचे सात ते नऊ टक्क्यांचे दर २०२५ च्या अर्थसंकल्पाने एका टक्क्याने वाढवले, तर कराची कमाल मर्यादा वीस लाखांवरून तीस लाखांवर नेली. हे बदल १ जुलै २०२५ पासून अमलात आले. विजेच्या मोटारीला शून्य.

याचा अर्थ असा की, आठ लाखांची सीएनजी मोटार घेणारा नोकरदार सुमारे ६४ हजार रुपये भरतो आणि तेवढ्याच किमतीची पेट्रोल मोटार घेणारा ८८ हजार. त्याच दिवशी त्याच प्रादेशिक परिवहन कार्यालयात एक कोटीची विजेची मोटार नोंदवणारा एक रुपयाही देत नाही. तेवढ्याच किमतीच्या, देशात बनलेल्या पेट्रोल मोटारीवर तेरा लाख रुपये कर आकारला गेला असता. सवलतीची रक्कम किमतीच्या प्रमाणात ठरत असल्याने वाहन जितके महाग, तितके सरकारचे अनुदान मोठे होते. धूर कमी करण्यासाठी दिलेल्या सवलतीचा सर्वांत मोठा वाटा ज्यांना तिची गरज सर्वांत कमी त्यांच्याकडे जावा, हे कोणत्याही करशास्त्रात बसणारे नाही.

नोंदणीच्या वेळचा कर हा हिशेबाचा अर्धाच भाग झाला. उरलेला भाग पेट्रोल पंपावर वसूल होतो. एप्रिल २०२५ मधील वाढीनंतर केंद्राचे उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे २१ रुपये ९० पैसे झाले. त्यातले पाच रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकराचे. राज्याचा मूल्यवर्धित कर त्याहून वेगळा. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार वर्षाला दहा हजार किलोमीटर चालली, तर तिला सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागते आणि या दराने तिचा मालक केवळ केंद्राला वर्षाकाठी साधारण १४ हजार ६०० रुपये देतो. लिटरला २३ किलोमीटर देणारी हायब्रिड मोटार तेवढ्याच अंतरासाठी सुमारे साडेनऊ हजार देते. विजेची मोटार यातले काहीच देत नाही. घरी चार्जिंग करणाऱ्याला घरगुती विजेवरील १६ टक्के वीज शुल्क पडते खरे. पण दिवा लावणारा आणि पंखा फिरवणाराही तेच शुल्क देतो. त्याचा रस्त्याशी संबंध नाही.

म्हणजे इंधनावरील कर हा आजवर नकळत रस्तावापराचा कर म्हणून काम करत आला. जो जास्त फिरतो, तो जास्त देतो. जड वाहन अधिक इंधन पिते, म्हणून तेही अधिक देते. वसुलीचा खर्च नगण्य, चुकवेगिरीला वाव कमी. इंधनाचा आणि रस्त्याचा संबंध तुटल्यावर ही सोयीस्कर व्यवस्था मोडणार, हे उघड आहे. २०२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींमध्ये विजेच्या मोटारींचा वाटा सुमारे चार टक्के होता. त्यामुळे तिजोरीला बसणारी खोट अजून जाणवण्याजोगी नाही. पण नियम ठरवण्याची योग्य वेळ नेमकी हीच असते. सवलतीची सवय झालेल्यांची संख्या मोठी झाली की ती काढून घेणे राजकीयदृष्ट्या जवळपास अशक्य होते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीने वाहनांवरील कराचा अधिकार राज्यांना दिला आहे. या करआकारणीची तत्त्वे ठरवण्याचा विषय मात्र समवर्ती सूचीच्या ३५ व्या नोंदीत येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात मोटार वाहन कर हा भरपाईच्या स्वरूपाचा असून त्याचा संबंध सार्वजनिक रस्त्यांच्या वापराशी आहे, असे स्पष्ट केले. पोलाद कारखान्याच्या आवारातच फिरणाऱ्या वाहनांवर तो लावता येणार नाही, असा तो निकाल होता. हे तत्त्व मान्य केले, तर त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. जे वाहन सार्वजनिक रस्ता वापरते, त्याने काही ना काही द्यायला हवे. रस्ता वापरणाऱ्या वाहनाच्या टाकीत पेट्रोल आहे की पोटाखाली बॅटरी, याने रस्त्याला फरक पडत नाही.

विजेच्या मोटारी जड असल्याने रस्ते अधिक खराब करतात, असा युक्तिवाद हल्ली केला जातो. तो तपासून घ्यायला हवा. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या प्रसिद्ध रस्ता चाचण्यांतून असे दिसले की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला की झीज सोळापट. त्यामुळे रस्ते फोडतात ते भरलेले ट्रक, आणि आपल्याकडे त्यांच्या जोडीला पावसाळा. बॅटरीमुळे मोटारीचे वजन दोनशे-तीनशे किलोंनी वाढले, तरी ट्रकच्या तुलनेत ती झीज किरकोळच राहते. खासगी मोटार शहराकडून जी मोठी किंमत वसूल करते, ती जागेची आणि कोंडीची. सायंकाळी सहा वाजता पश्चिम द्रुतगती महामार्गावर किंवा पुण्याच्या विद्यापीठ चौकात उभी असलेली विजेची मोटार धूर सोडत नाही. पण जागा तेवढीच अडवते, आणि मागच्या बसमधल्या प्रवाशांचा वेळही तेवढाच खाते. टोल आणि कर दोन्ही माफ करून ती अधिक फिरवायला उत्तेजन दिले, तर कोंडी वाढेलच.

हायब्रिडचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. त्याचे पहिले कारण नावातच आहे. माइल्ड हायब्रिडमध्ये लहानशी बॅटरी इंजिनाला फक्त हातभार लावते. स्ट्राँग हायब्रिड काही अंतर निव्वळ विजेवर चालू शकते. पण तिची वीज इंजिनातून आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेतून येते, म्हणजे अखेर पेट्रोलमधूनच. प्लग-इन हायब्रिड बाहेरून चार्ज करता येते. या तिघींना एकाच नावाखाली सवलत देण्याची चूक देशाने एकदा करून पाहिली आहे. २०१५ च्या फेम योजनेत माइल्ड हायब्रिड मोटारींनाही अनुदान मिळत होते. इंधनाची बचत बेताची आणि नावावर मात्र अनुदान, असा प्रकार लक्षात आल्यावर एप्रिल २०१७ पासून त्यांना वगळावे लागले.

दुसरा अनुभव उत्तर प्रदेशचा. जुलै २०२४ मध्ये त्या राज्याने स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिड मोटारींचा नोंदणीच्या वेळचा कर माफ केला. तोवर तेथे दहा लाखांपर्यंतच्या मोटारीला आठ टक्के आणि त्यापुढे दहा टक्के कर होता. मारुती, टोयोटा, होंडा या हायब्रिड बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याचे स्वागत केले; विजेच्या मोटारींवर पैसा लावलेल्या कंपन्यांनी आक्षेप घेतला. दोन्हींचे हितसंबंध उघड होते. परंतु ग्राहकाच्या आणि शहराच्या हिताच्या दृष्टीने कोणाचे म्हणणे कितपत खरे, हे आकड्यांवरूनच ठरायला हवे.

एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कर्बवायू बाहेर पडतो. प्रत्यक्ष रस्त्यावर लिटरला वीस किलोमीटर देणारी हायब्रिड मोटार त्यामुळे किलोमीटरमागे साधारण ११५ ग्रॅम कर्बवायू सोडते. भारतातील बहुतांश वीज आजही कोळशापासून तयार होते आणि एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. एका युनिटवर साडेसहा किलोमीटर धावणाऱ्या विजेच्या मोटारीच्या वाट्याला मग सुमारे १०८ ग्रॅम येतात. पेट्रोलचे शुद्धीकरण व वाहतूक आणि बॅटरीची निर्मिती यांचा हिशेब या आकड्यांत धरलेला नाही. तरीही इतके दिसते की, कर्बवायूच्या बाबतीत आजच्या घडीला या दोघींतले अंतर करांतील अंतराइतके प्रचंड नाही. तथापि विजेच्या मोटारीच्या बाजूने दोन भक्कम मुद्दे उरतात. ज्या गल्लीत माणसे श्वास घेतात, तेथे ती धूर सोडत नाही. आणि सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तसतशी तीच मोटार दरवर्षी अधिक स्वच्छ होत जाते. हायब्रिड मात्र जन्मली तेवढीच स्वच्छ राहते.

यावरून विजेच्या मोटारीला अधिक सवलत आणि हायब्रिडला कमी, हा क्रम योग्य ठरतो. पण महाराष्ट्रात हायब्रिडला कमी सवलत नसून ती जवळपास नाहीच. ती पेट्रोलच्याच दराने कर भरते. त्यातली विसंगती एका उदाहरणाने कळेल. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस या मोटारीच्या साध्या पेट्रोल आवृत्तीचा जाहीर केलेला इंधनवापर लिटरला १६.१३ किलोमीटर आहे, तर हायब्रिडचा २३.२४ किलोमीटर. हायब्रिड आवृत्ती काही लाखांनी महाग. कर मात्र किमतीच्या टक्क्यांत. परिणामी कमी इंधन जाळणारी मोटार नोंदणीच्या वेळी अधिक कर भरते. वस्तू व सेवा करातही हेच चित्र आहे. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतर विजेच्या मोटारीवर पाच टक्के, चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि बाराशे सीसीपर्यंत इंजिनाच्या पेट्रोल हायब्रिडवर १८ टक्के आणि मोठ्या हायब्रिडवर थेट ४० टक्के, म्हणजे त्याच आकाराच्या साध्या पेट्रोल मोटारीइतकाच कर आहे.

यावर उपाय हायब्रिडलाही विजेच्या मोटारीसारखी सरसकट माफी देणे हा नव्हे. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्लग-इन हायब्रिड मोटारींचे रस्त्यावरील प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाले. मालकांनी अपेक्षेइतके चार्जिंगच केले नाही. म्हणून सवलत नावाला न देता इंधनवापराला द्यावी, हा त्यातून मिळणारा धडा. प्रत्येक मोटारीचा इंधनवापर चाचणीने ठरलेला असतोच. त्याच्या पायऱ्या पाडून कर लावला, तर हायब्रिड, सीएनजी आणि काटकसरी पेट्रोल मोटार यांपैकी प्रत्येकीला तिच्या गुणाप्रमाणे दर मिळेल आणि एका उद्योगसमूहाची बाजू घेतल्याचा आरोपही सरकारवर येणार नाही.

सवलती कशा द्याव्यात आणि कशा काढून घ्याव्यात, याचा अनुभव इतर देशांनी घेतला आहे. लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये कोंडी शुल्क सुरू झाले, तेव्हा टोयोटा प्रियससारख्या हायब्रिड मोटारींना ते माफ होते. २०११ मध्ये सवलतीची कसोटी किलोमीटरला शंभर ग्रॅम कर्बवायू, २०१३ मध्ये ७५ ग्रॅम आणि २०२१ मध्ये फक्त शून्य उत्सर्जन अशी कडक होत गेली. डिसेंबर २०२५ मध्ये विजेच्या मोटारींची पूर्ण माफीही संपली. आता त्यांना काही टक्के सूट तेवढी उरली आहे. तंत्रज्ञान रुळत गेले, तसा पाळणा काढून घेतला गेला.

नॉर्वेने विजेच्या मोटारींवरील कर दीर्घकाळ माफ ठेवले. २०२४ मध्ये तेथील नव्या मोटारींत विजेच्या मोटारींचा वाटा सुमारे ८९ टक्के झाला. उद्दिष्ट साधले, पण महसूलही आटला. म्हणून २०२३ पासून वजनावर आधारित कर आणि पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर लावावा लागला. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारींना दर हजार किलोमीटरमागे ७६ डॉलर आणि प्लग-इन हायब्रिडना ३८ डॉलर रस्तावापर शुल्क लावले. प्लग-इन हायब्रिड पेट्रोलवरील करही भरते, म्हणून तिचा दर निम्मा. ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशीच घोषणा केली असून एप्रिल २०२८ पासून विजेच्या मोटारीला मैलामागे तीन पेन्स आणि प्लग-इन हायब्रिडला दीड पेन्स आकारण्याचे ठरवले आहे. अंमलबजावणीपूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ सूचना देण्याची ही रीत लक्षात घेण्याजोगी आहे.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये लावलेले असेच शुल्क तेथील उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केले, कारण तशा कराचा अधिकार राज्यघटनेने संघराज्याला दिलेला होता. भारतात वाहनकराचा अधिकार राज्यांकडे निर्विवादपणे असल्याने ही अडचण तशीच्या तशी येणार नाही. मात्र इथली अडचण निराळी आहे. इंधनावरील उपकर केंद्राकडे जातो, मूल्यवर्धित कर आणि वाहनकर राज्याकडे. आणि शहरातील बहुतेक रस्ते राखायचे असतात महापालिकांनी. २०१७ मध्ये मुंबईचा जकात कर गेल्यापासून महापालिकेची राज्याच्या अनुदानावरची भिस्त वाढलेली आहे. विजेच्या मोटारी वाढल्यावर केंद्र व राज्य दोघांचे उत्पन्न घटेल आणि खड्डे बुजवण्याची जबाबदारी मात्र जिथे होती तिथेच राहील.

देशातील काही राज्यांनी वाट बदलायला सुरुवात केली आहे. कर्नाटकने मार्च २०२४ मध्ये २५ लाखांवरील विजेच्या मोटारींना दहा टक्के आजीवन कर लागू केला. केरळने एप्रिल २०२५ पासून १५ लाखांपर्यंत पाच, वीस लाखांपर्यंत आठ आणि त्यापुढे दहा टक्के अशी चढती श्रेणी आणली. तमिळनाडू आणि तेलंगणने त्याच सुमारास पूर्ण माफीचा मार्ग धरला. शेजारी राज्यांच्या दरांत एवढी तफावत राहिली, तर कमी कराच्या राज्यात नोंदणी करून दुसऱ्या राज्यात मोटार फिरवण्याचा जुना उद्योग विजेच्या मोटारींतही सुरू होईल. समवर्ती सूचीतील अधिकार वापरून केंद्राने निदान तत्त्वे आखून देण्याची गरज त्यासाठीच आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर तीन गोष्टी करता येतील. पहिली, करमाफीला किमतीची मर्यादा घालणे. सर्वसामान्यांच्या आवाक्यातील विजेच्या मोटारींना २०३० पर्यंत माफी जरूर असावी. पण त्यावरील किमतीवर चढता कर असावा आणि तो कोणत्या वर्षी किती होणार, याचे वेळापत्रक आजच जाहीर व्हावे. दुसरी, हायब्रिडसह सर्व इंधन मोटारींचा कर इंधनवापराच्या पायऱ्यांवर नेणे. तिसरी, २०३० नंतरसाठी विजेच्या मोटारींवर अंतरानुसार अल्प शुल्काची तयारी. पेट्रोलवरील पाच रुपयांचा रस्ते उपकर लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या मोटारीला किलोमीटरमागे ३३ पैसे पडतो. तेवढेच शुल्क विजेच्या मोटारीवर लावले, तर दहा हजार किलोमीटरमागे सुमारे ३,३०० रुपये होतात. इंधनाच्या खर्चात होणाऱ्या बचतीपुढे ही रक्कम जड नाही.

अंतर मोजायचे कसे, हा प्रश्न येईलच. त्यासाठी प्रत्येक मोटारीवर उपग्रहाची नजर ठेवण्याचे कारण नाही. नागरिकांच्या हालचालींची नोंद सरकारकडे साठवणे धोक्याचेही आहे. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी किंवा अधिकृत सेवाकेंद्रात मोटारीवरील अंतरमापकाचा आकडा नोंदवला, तरी काम भागते. आकड्यात फेरफार होण्याची भीती खरी आहे. पण जुन्या मोटारींच्या बाजारात ती आजही आहेच आणि नियमित नोंदीने ती कमी होईल. मिळालेल्या रकमेचा ठरावीक वाटा थेट महापालिका व नगरपालिकांना देण्याची तरतूद मात्र कायद्यातच हवी.

कर लावला तर विजेच्या मोटारींचा खप मंदावेल, हा आक्षेप गंभीर आहे. किमतीचा भार हलका केल्याशिवाय मध्यमवर्गीय ग्राहक नव्या तंत्रज्ञानाकडे वळत नाही, हे खरेच. पण मार्च २०२५ मध्ये मागे घेतलेला कर तीस लाखांवरील वाहनांवर होता; आणि त्या दालनातील खरेदी सहा टक्क्यांवर अडत नाही. उत्पादक आणि ग्राहक दोघांनाही खरा त्रास होतो तो अनिश्चिततेचा. अर्थसंकल्पात कर जाहीर करायचा आणि अधिवेशन संपायच्या आत मागे घ्यायचा, यातून चुकीचा संदेश अधिक जातो. आज आठ लाखांची मोटार घेणाऱ्याकडून रस्त्याचे पैसे घेऊन एक कोटीची मोटार घेणाऱ्याला ते माफ करणारी व्यवस्था २०३० पर्यंत तशीच चालू राहिली, तर तोवर विजेच्या मोटारींची संख्या आणि त्यांच्या मालकांचा आवाज दोन्ही वाढलेले असतील. कराचा विषय काढण्याचे धैर्य तेव्हाच्या सरकारकडे आजच्याहून कमी असण्याचीच शक्यता अधिक.